शेण टाकायला वाटच नसलेली कालवड: चूक होते ती नेमकी कधी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजला का ते तुम्हालाही कळेल. संकरित एच.एफ. (होल्स्टिन) गाईला कालवड झाली. चीक पोटभर प्यायली, पण दुसऱ्या दिवसापासून कुंथायला लागली आणि तिसऱ्या दिवशी पोट टम्म झालं. शेपटी उचलून पाहिलं तर खाली भोकच नाही. डॉक्टरांनी कातडी कापून वाट करून दिली, आता ती शेण टाकतेय. वाद सुरू झाला तो त्यानंतर. आई म्हणतात, सहाव्या महिन्यात ग्रहण होतं आणि गाय बाहेर बांधलेली राहिली. भावाचं म्हणणं, अडीच महिन्यांवर डॉक्टरांनी हात घालून गाभण तपासली तेव्हाच काहीतरी दुखावलं. बारावीतला पुतण्या पुस्तक दाखवतो की गर्भात एक पडदा खाली उतरतो आणि तो अडकला की असं होतं. आणि तुम्हाला विचारायचंय की ही कालवड पुढे ठेवावी की नाही.

मोठ्या जनावरांच्या डॉक्टरकीत मला तीस वर्षं होत आली. अशी वासरं दरवर्षी येत नाहीत, पण येत राहतात. माझ्या मते तुमच्या घरचा वाद ‘कोणामुळे’ यावर चाललाय, आणि खरा प्रश्न ‘कधी’ हा आहे. ‘कधी’ ठरलं की निम्मे आरोपी तिथल्या तिथे सुटतात.

एक कबुली आधीच देतो. कालवड मी पाहिलेली नाही, आणि बाहेरून सारखी दिसणारी ही गडबड आतून निरनिराळी असते. तुमच्या डॉक्टरांना एकच गोष्ट विचारून घ्या: कातडी कापल्याबरोबर शेण बाहेर आलं, की आतड्याचं टोक आत खोलवर शोधावं लागलं? हे का विचारायचं ते पुढे सांगतो.

सुरुवातीला वासरू म्हणजे एक चपटी चकती असते, तीन थरांची. पानाच्या कडा उचलून द्रोण करतात तशी ही चकती चारही बाजूंनी खाली वळते, आणि सगळ्यात आतला थर गुंडाळला जाऊन त्याची नळी होते. हेच पुढचं अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंतचं आतडं. पण नळीची दोन्ही टोकं सुरुवातीला बंद असतात. मागच्या टोकाला एक लहानसा फुगीर कप्पा असतो, त्याला अवस्कर म्हणतात. आतड्याचा शेवट आणि मूत्रमार्गाची सुरुवात, दोन्ही याच कप्प्यात. कप्प्याच्या खालच्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो. त्याची गंमत अशी की तिथे आतला आणि बाहेरचा थर थेट एकमेकांना चिकटलेले असतात, मधला थर तिथे शिरतच नाही. मांस, रक्तवाहिन्या वगैरे मधल्या थरातून होतात, म्हणून हा पापुद्रा पोसलाच जात नाही आणि वेळ आली की विरून फाटतो. माणसाच्या गर्भात हे साधारण सातव्या आठवड्याच्या शेवटी होतं. गाईतही क्रम तोच, आणि काम पहिल्या दीड-दोन महिन्यांत उरकतं.

कोंबडी कापताना पाहिली असेल तर हा सामाईक कप्पा तुम्ही पाहिलेला आहे. तिची विष्ठा, मूत्र आणि अंडं एकाच दारातून बाहेर येतं. सस्तन प्राण्यांतही ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस आणि ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीतला एकिडना यांनी हा कप्पा आयुष्यभर तसाच ठेवलाय. त्यांच्या गटाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘एकछिद्री’ असा होतो. गाय, माणूस, कुत्रा, डुक्कर यांच्यात मात्र त्याचे दोन भाग व्हावे लागतात: पुढचा मुताचा, मागचा शेणाचा. तुमच्या कालवडीची गोष्ट या वाटणीच्या आसपास कुठेतरी बिघडली.

थोडं विषयांतर करतो, पण गोठ्यात राहणाऱ्याला ते आवडेल. याच मागच्या आतड्यातून फार लवकर एक पिशवी बाहेरच्या बाजूला फुगत जाते, तिला अलँटॉइस म्हणतात. गाईत ती इतकी वाढते की सगळ्या वारेला आतून अस्तर लावते. गाय विताना जी पहिली पाणमोट फुटते आणि गोमूत्रासारखं पातळ, पिवळसर पाणी येतं, ती हीच. दुसरी, बुळबुळीत पाण्याची, ती वासराभोवतालची. म्हणजे दरवेळी वासराच्या आतड्याचाच एक फाटा तुमच्यासमोर फुटत असतो! वासराची लघवी पोटात असताना बेंबीतून जाणाऱ्या नळीने या पिशवीत जाते. ती नळी जन्मानंतर मिटली नाही की बेंबीतून मूत ठिबकत राहतं. ते तुम्ही कधीतरी पाहिलं असेल.

तुम्ही लिहिलंय की कालवड जन्मताना चांगली धष्टपुष्ट होती. त्याचंही कारण यातच आहे. पोटात असताना वासराला खालच्या दाराची गरजच नसते. अन्न नाळेतून येतं, रक्तातली घाण नाळेतून परत जाते, लघवी पाणमोटेत. आतड्यात साचतं ते फक्त गिळलेलं पाणी, झडलेल्या पेशी आणि पित्त, म्हणजे ते पहिलं काळपट चिकट शेण. त्यामुळे दार नसलेलं वासरू नऊ महिने सुखाने वाढतं आणि खरी परीक्षा चीक प्यायल्यावर सुरू होते. (म्हणून चीक पाजायला नको होता, असं मात्र नाही. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जायची सोय पहिल्या दिवसापुरतीच असते. पाजलात ते बरोबरच केलंत.)

आता पुतण्याच्या पडद्याकडे येऊ. जुन्या पुस्तकांत या वाटणीच्या दोन कहाण्या आहेत. एक म्हणते, वरून पडदा उतरतो. दुसरी म्हणते, दोन्ही बाजूंनी दाराच्या फळ्यांसारख्या घड्या येऊन मधोमध जुळतात. दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या, आणि मलाही कॉलेजात हेच शिकवलं. पुढे भ्रूणांचे बारीक छेद घेऊन पाहणाऱ्यांनी चित्र बदललं. तिथे खरं तर उतरणारा पडदा असा काही नसतो. पुढे फुटणारी पिशवी आणि मागे जाणारं आतडं यांच्यामध्ये झाडाच्या दोन फांद्यांत असतं तसं एक बेचकं असतं. आजूबाजूचे भाग कमी-जास्त वेगाने वाढतात, मागचं अंग वळतं, आणि ते बेचकं त्या पातळ पापुद्र्याच्या जवळ येत जातं. जवळ आलं की पापुद्रा आपणहून फाटतो, एकाची दोन दारं होतात, आणि बेचक्याचं टोक उघडं पडून दोन दारांमधली जागा बनते.

हे फक्त शब्दांचं भांडण नाही, कारण त्यावरून चूक कुठली हे ठरतं. नेदरलँड्समधले व्हॅन डर पुटे यांनी 1986 साली डुकरांच्या भ्रूणांवरचं काम प्रसिद्ध केलं. ज्या डुकरांत गुदद्वार नसण्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता, त्यांचेच भ्रूण त्यांनी तपासले. त्यात दिसलं की पापुद्र्याचा मागचा, शेपटीकडचा भागच तयार झालेला नव्हता. जिथे दार व्हायचं ती जागाच राखलेली नव्हती. मग आतड्याला जायला वाट उरते ती पुढच्या बाजूची, आणि त्याचं तोंड नरात मूत्रमार्गात तर मादीत योनीच्या बाजूला राहून जातं. म्हणून पुतण्याला सांगा, पडदा अडकला असं म्हणण्यापेक्षा चौकटच बसवली नव्हती असं म्हण. पुस्तकातलं उत्तर परीक्षेपुरतं लिहायला माझी हरकत नाही.

अशा कालवडी मी पाहिल्यात ज्यांचं शेण योनीतून येतं. गंमत म्हणजे त्या बऱ्याच दिवस तग धरतात, कारण वाट वाकडी का होईना, असते. एकदा तर मालकाला चार आठवडे पत्ता नव्हता, कालवड ‘जरा घाण राहते’ एवढीच तक्रार. गोऱ्ह्यात मात्र शेण मूत्रमार्गात उतरतं आणि तिथे फार वेळ मिळत नाही.

याच्या उलट दुसरा प्रकार. वाटणी नीट झाली, आतडं आपल्या जागी पोचलं, पण अगदी शेवटचा पापुद्रा राहून गेला. किंवा दार एकदा उघडल्यावर पेशींच्या गुठळीने पुन्हा बुजलं आणि परत मोकळं झालंच नाही. असं तात्पुरतं बुजणं माणसाच्या गर्भात नेहमीचंच आहे, नवव्या आठवड्याच्या सुमारास ते पुन्हा मोकळं होतं. या प्रकारात वासरू कुंथलं की शेपटीखालची कातडी फुग्यासारखी पुढे येते आणि पोटावर दाब दिला की बोटाला आतलं शेण जाणवतं. कातडी कापली की शेण आलंच.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की डॉक्टरांना तो प्रश्न का विचारायला सांगितला. शेण लगेच आलं असेल तर चूक अगदी शेवटच्या टप्प्यातली, बाकी घडण बहुधा नीट. आतडं खोल शोधावं लागलं असेल तर बिघाड आधीचा आहे, आणि मग त्याच सुमारास आजूबाजूला घडणाऱ्या गोष्टींकडेही पाहायला हवं: शेपटी आखूड किंवा वाकडी आहे का, मागच्या मणक्यांत काही वेगळं हाताला लागतं का, लघवी कुठून आणि कशी होते. एवढं तुम्ही घरीच पाहू शकता.

शस्त्रक्रियेबद्दल दोन गोष्टी, कारण पुढचे काही आठवडे त्यावर अवलंबून आहेत. गुदद्वाराभोवतीचा आवळणारा स्नायू मधल्या थरातून वेगळा तयार होतो. त्यामुळे भोक नसलं तरी स्नायू बऱ्याचदा जागेवर असतो. मी कापण्याआधी शेपटीखालच्या खळीला सुईने हलकेच टोचून पाहतो. कातडी आक्रसली की तिथे स्नायू आहे, आणि वाट त्याच्या मधोमध काढायची. दुसरं म्हणजे, नुसती चीर देऊन भागत नाही. ती आक्रसून मिटते. पॅरिसमध्ये अम्युसा नावाच्या सर्जनने 1835 साली एका बाळात आतड्याची कड खाली ओढून कातडीला शिवली, त्याचं कारण हेच. आम्ही वासरातही तेच करतो: शेपटीच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन, कातडीची गोल चकती काढायची, आतड्याचं बंद टोक खाली आणून टाक्यांनी अडकवायचं आणि मगच ते उघडायचं. तुमच्या कालवडीला टाके घातलेत का ते बघा. शेण दिवसेंदिवस बारीक, पेन्सिलीएवढ्या वळीचं होत गेलं, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

आता आरोपींकडे. सहाव्या महिन्यात वासरू एखाद्या लहान कुत्र्याएवढं झालेलं असतं. ज्या कप्प्याबद्दल आपण बोलतोय त्याचा निकाल चार महिने आधीच लागलेला होता. त्या वेळी गर्भ बोटाच्या पेराएवढा होता आणि बहुतेक गोठ्यांत तेव्हा गाय गाभण आहे हेही नक्की झालेलं नसतं. ग्रहण आणि गर्भ याबद्दल तुमच्या आईंशी वाद घालायला मी येणार नाही, पण तारखा त्यांच्यासमोर मांडा. माझा अनुभव असा की ‘ग्रहणाने काही होत नाही’ म्हटलं की म्हातारी माणसं चिडतात आणि ‘ग्रहणाच्या आधीच झालं होतं’ म्हटलं की ऐकून घेतात. अडीच महिन्यांवरच्या तपासणीलाही हाच न्याय. भावाच्या डोक्यातला राग तिथे लागू होत नाही.

पण भावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हेही सांगायला हवं. वासरांत आणखी एक दोष असतो, तो वरवर याच्यासारखाच दिसतो: गुदद्वार व्यवस्थित, पण मोठ्या आतड्याचा मधलाच तुकडा गायब किंवा बंद. थर्मामीटर आत सहज जातो, बाहेर येतो तो फक्त पांढुरका शेंबूड लागून, शेण नाही, आणि पोट फुगत जातं. गाईचं मोठं आतडं चकलीसारखं गोल गुंडाळलेलं असतं. हा दोष बहुतेकदा त्या चकलीतच सापडतो. होल्स्टिन वासरांत असं दिसलं की गाय गाभण राहिल्यापासून 42 दिवसांच्या आत हात घालून गर्भाची पाण्याची पिशवी चाचपली असेल तर हा दोष जास्त आढळतो. समजूत अशी की त्या नाजूक दिवसांत आतड्याच्या रक्तपुरवठ्याला धक्का बसतो आणि तेवढा तुकडा सुकून जातो.

रक्त तोडलं की आतड्याचा तुकडा नाहीसा होतो, हे नुसतं अनुमान नाही. केप टाऊनमध्ये लाऊ आणि बर्नार्ड या दोघांनी कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांच्या आतड्याच्या रक्तवाहिन्या बांधल्या, आणि पिल्लं जन्मली तेव्हा त्यांचं आतडं तिथे बंद झालेलं होतं. 1955 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. यातले बर्नार्ड म्हणजे 1967 मध्ये माणसाचं हृदय माणसात पहिल्यांदा बसवणारे तेच. तरीही वासरांत हात घालणं हेच एकमेव कारण नाही, कारण ज्या गाईंना कधी लवकर तपासलंच नाही त्यांच्याही वासरांत हा दोष निघतो आणि वंशाचा हात असल्याच्या खुणाही आहेत. मी स्वतः मात्र 45 दिवसांच्या आत हाताने पिशवी चाचपत नाही. घाई असेल तर सोनोग्राफी, नाहीतर थांबायचं. तुमच्या गाईचा दोषही वेगळा आणि दिवसही उलटून गेलेले, म्हणून इथे तुमचे डॉक्टर निर्दोष.

आतड्याचा हाच शेवट बिघडायची तिसरीही तऱ्हा आहे, ती घोड्यांत प्रसिद्ध आहे. तिथे नळी अखंड, दार उघडं, सगळं जागच्या जागी, तरी लीद पुढे सरकत नाही. आतड्याला हलवणाऱ्या मज्जापेशी तिथे जन्मत नाहीत. बहुतेक सगळ्या मानेच्या बाजूने निघून आतड्याच्या भिंतीतून चालत खालपर्यंत येतात. माणसात हा प्रवास चौथ्या ते सातव्या आठवड्यात होतो, आणि सगळ्यात शेवटी पोचायचं ठिकाण म्हणजे गुदाशय. अमेरिकेतल्या ठिपकेदार पेंट घोड्यांत एका विशिष्ट जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष आल्या की शिंगरू पांढरंशुभ्र जन्मतं आणि काही दिवसांत पोटशूळाने जातं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आणि या मज्जापेशी एकाच ठिकाणाहून निघतात, म्हणून रंगही गेला आणि आतड्याची हालचालही गेली. लहान बाळांत याचाच भाऊबंद हर्शस्प्रुंग नावाने ओळखला जातो.

मग तुमच्या कालवडीत चूक कशाने झाली? एकेका वासराबाबत कारण हातात देता येत नाही. काही गोष्टी पक्क्या आहेत. डुकरांत वंशाचा भाग स्पष्ट आहे. उंदरांत या कप्प्याच्या घडणीचे संकेत देणारं एक जनुक (त्याचं नाव सॉनिक हेजहॉग, हसू नका) पूर्ण बंद केलं तर कप्पा अविभक्तच राहतो. त्याच साखळीतला पुढचा एक दुवा तोडला तर गुदद्वार होत नाही, आणि दुसरा तोडला तर नुसतं अरुंद होतं. म्हणजे संकेत किती मंदावला त्यावर दोष किती खोल ते ठरतं. वासरांत मला जास्त संशय येतो तो जवळच्या नात्यातल्या रेतनाचा. तुमच्या गाईच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर नोंदी असतील तर रेतनाचा वळू क्रमांक काढा आणि त्याच वळूची गाईच्या वंशात आधी मात्रा पडली होती का ते बघा. त्याच वळूची आणखी दोन-तीन वासरं गावात अशी निघाली असतील तर रेतन करणाऱ्याला कळवा आणि तो वळू बंद करा.

शेवटचा प्रश्न, ठेवायची की नाही. पुस्तकी सल्ला सरळ आहे: अशा जनावराची पैदास करू नका. गोऱ्हा असता तर मी तेच डोळे मिटून सांगितलं असतं, कारण एक वळू हजारो गाईंपर्यंत पोचतो. कालवडीचं गणित वेगळं. ती गाभण राहिली नाही तर दूधही नाही, आणि दूध न देणारी गाय सांभाळा हे तुम्हाला सांगणं मला सोपं आहे, तुम्हाला करणं नाही. कातडी कापल्याबरोबर शेण आलं असेल, शेपटी-मणका नीट असेल, योनीतून शेण कधीच आलं नसेल आणि ती वेळेवर अंगाला भरली, तर मी तिला नात्याबाहेरच्या वळूचं रेतन करून एक वेत बघेन, होणाऱ्या वासराची शेपटी पहिल्याच तासात उचलून पाहीन आणि गोऱ्हा झाला तर तो वळू म्हणून विकणार नाही. आतडं खोल शोधावं लागलं असेल किंवा शेण योनीतून येत असेल तर नको. विताना तो भाग फाटतो, आणि तसं फाटलेलं शिवायला मी दोनदा बसलोय. दोन्ही वेळा गाय जगली, पण पुन्हा गाभण राहिली नाही.

डॉक्टरांचं उत्तर आलं की इथेच लिहा, शेपटीखालचा एक फोटोही टाका. टाके कितव्या दिवशी काढायचे तेही मग बोलू.